आखाड्यात न उतरलेला वस्ताद
(एडवर्ड गॅलेगर ह्यांचे चरित्र)

कुस्तीचा फड संपला म्हणजे विजयी मल्लास लोक खांद्यावर उचलून घेतात, त्याच्या मस्तकी फेटा बांधतात व हलगीच्या तालावर त्याची मिरवणूक काढतात. ज्याने त्या मल्लास पहाटे उठविले, त्याच्याकडून जोरबैठका काढून घेतल्या आणि त्याचा चुकलेला डाव शंभर वेळा दुरुस्त केला, तो वस्ताद त्या वेळी गर्दीच्या कडेला उभा असतो. मल्लाने त्याच्या पायांवर डोके ठेविले की त्याचा सत्कार आटोपला, अशी आपल्याकडील रीत आहे. शिकविणाऱ्याचा मान कोठे व कसा करावा, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. कुस्तीच्या क्षेत्रात ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या आयुष्यात उत्तम रीतीने पाहावयास मिळते, अशा एका अमेरिकन वस्तादाचे चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एडवर्ड क्लार्क गॅलेगर ह्यांचा जन्म १८८७ साली कॅन्सस संस्थानात झाला. पुढे शेजारच्या ओक्लाहोमा प्रांतातील स्टिलवॉटर ह्या गावी असलेल्या शेतकी व यांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. ओक्लाहोमा त्या काळी अगदी नवीन होते. अमेरिकेच्या संघराज्यात त्यास संस्थानाचा दर्जा मिळाला तो १९०७ साली, म्हणजे गॅलेगर विद्यार्थिदशेत असतानाच. जमीन नवी, वस्ती नवी आणि महाविद्यालयही १८९० साली स्थापन झालेले. शेतकऱ्यांची मुले तेथे शिकावयास येत. गॅलेगर अत्यंत चपळ धावपटू होते व फुटबॉलच्या मैदानावरही त्यांचे नाव गाजले होते. अभ्यासाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. १९०९ साली ते यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. ज्या खेळामुळे गॅलेगर ह्यांची कीर्ती झाली, तो खेळ ते स्वतः स्पर्धेत कधीच खेळले नव्हते. धावणे आणि फुटबॉल हेच त्यांचे खेळ. पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी आपल्याच महाविद्यालयात खेळाडूंना शिकविले, मध्यंतरी कॅन्ससमधील बेकर विद्यापीठात नोकरी केली आणि मग ते पुन्हा स्टिलवॉटर येथे परतले. १९१६ साली कुस्तीच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ज्याच्या अंगास आखाड्याची माती लागलेली नाही, तो मल्लांना काय शिकविणार, अशी शंका आपल्या तालमींत कोणीही घेतली असती आणि ती अगदीच गैर म्हणता आली नसती.

गॅलेगर ह्यांनी मात्र आपली उणीव हेच आपले साधन केले. परंपरेने चालत आलेले डाव त्यांना अंगवळणी पडलेले नव्हते, म्हणून प्रत्येक डावास त्यांनी नव्याने प्रश्न विचारले. हा हात येथेच का धरावा? थोडा वर धरला तर काय होईल? आडवा टाकलेला मल्ल कोणत्या बाजूस सहज लोळेल व कोणत्या बाजूस लोळणार नाही? यंत्रशास्त्राच्या अभ्यासामुळे तरफ, टेकू, भार व ताण ह्या गोष्टी त्यांच्या रोजच्या परिचयाच्या होत्या. मनुष्याचे शरीर हेही एक यंत्रच आहे, त्याची हाडे म्हणजे तरफा व सांधे म्हणजे टेकू आहेत, ह्या दृष्टीने त्यांनी कुस्तीकडे पाहिले. लांब पहार घेतली की लहान मुलगाही मोठा धोंडा हलवितो. त्याचप्रमाणे सांध्यापासून दूर धरलेला हात किंवा पाय थोड्या बळानेही वळविता येतो. ज्याचे दोन्ही पाय जवळ आले त्याचा तोल लवकर जातो, कारण त्याचा भार पेलणारी जागा अरुंद झालेली असते. अशा तत्त्वांवर त्यांनी तीनशेंहून अधिक डाव व त्यांचे तोड बसविले आणि १९२५ साली हौशी कुस्तीवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. निव्वळ बळाच्या ह्या खेळात त्यांनी अशा रीतीने बुद्धीला मोठे स्थान मिळवून दिले.

ह्या शिक्षणाचे फळ लवकरच दिसू लागले. अमेरिकेत महाविद्यालयांचे संघ परस्परांशी सामने खेळतात. प्रत्येक वजनगटातील एकेक मल्ल प्रतिपक्षाच्या त्याच वजनाच्या मल्लाशी गादीवर लढतो आणि सर्वांच्या यशापयशाची बेरीज होऊन संघाचा निकाल लागतो. १९२१ पासून पुढे सुमारे दहा वर्षे स्टिलवॉटरच्या संघास अशा सामन्यांत पराभव ठाऊक नव्हता. १९१६ ते १९४० ह्या काळात गॅलेगर ह्यांच्या संघाने १३८ सामने जिंकले, अवघे ५ गमावले व ४ बरोबरीत सोडविले. १९२८ साली साऱ्या देशातील महाविद्यालयांची पहिली कुस्ती-स्पर्धा आयोवा संस्थानातील एम्स येथे भरली. त्या वर्षापासून १९४० पर्यंत अशा तेरा स्पर्धा झाल्या आणि त्यांपैकी अकरांत अग्रस्थान त्यांच्या संघाकडे राहिले. त्यांतील १९३३ सालचे यश दुसऱ्या संघाबरोबर विभागून होते.

परंतु आकड्यांनी वस्तादाची पुरती ओळख होत नाही. ती होते त्याच्या शिष्यांवरून. गॅलेगर ह्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे मल्ल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाचे मानकरी झाले. १९३२ साली लॉस अँजेलिस येथे बॉबी पीअर्स व जॅक व्हॅन बेबर ह्यांनी, तर १९३६ साली बर्लिन येथे फ्रँक लुईस ह्याने ते मिळविले. व्हॅन बेबर हा ओक्लाहोमातील पेरी गावचा. लॉस अँजेलिस येथे त्याची निर्णायक कुस्ती त्याला वाटत होते त्याच्या आधीच लागली असल्याचे त्यास ऐन वेळी कळले. आखाडा सुमारे सहा मैल दूर आणि जवळ वाहन नाही. तो तसाच पायी निघाला. वाटेत एका मोटारवाल्याने त्यास गाडीत घेतले म्हणून तो वेळेवर पोहोचला आणि कुस्ती जिंकला. अडचण आली असता कपाळाला हात लावून बसायचे नाही, आधी पाऊल उचलायचे, ही सवय त्याच्या ठायी होती. अशी सवय एका दिवसात लागत नाही. रोजच्या मेहनतीत ती नकळत मुरत जाते.

पीअर्स, व्हॅन बेबर व लुईस ज्या मुक्त शैलीच्या कुस्तीत विजयी झाले, त्याच शैलीत १९५२ साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव ह्यांनी कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, हे आमच्या वाचकांस अभिमानाने आठवेल.

ह्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, गॅलेगर ह्यांच्या शिष्यांपैकी कित्येक जण पुढे स्वतः वस्ताद झाले. क्लिफ कीन हे १९२५ साली मिशिगन विद्यापीठात गेले आणि १९७० पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, त्यांनी तेथे मल्ल घडविले. मध्यंतरी कायद्याची पदवीही त्यांनी संपादन केली. मल्लाचे कान घासून व दबून मोडतात, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्याकडे मोडलेल्या कानावरून पहिलवान ओळखतात. ते कान वाचविण्यासाठी डोक्यावर बांधावयाचे एक साधन कीन ह्यांनी तयार केले व आजही अमेरिकेतील शाळांतून मुले तसले साधन लावून कुस्ती खेळतात. फेंडली कॉलिन्स ह्यांनी मिशिगन संस्थानातच दुसऱ्या एका महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ हेच काम केले. रेक्स पीअरी ह्यांनी १९३३, १९३४ व १९३५ अशी लागोपाठ तीन वर्षे महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले आणि नंतर पिट्सबर्ग येथे ते वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली त्यांच्या दोन्ही पुत्रांनी, ह्यू व एड ह्यांनी, प्रत्येकी तीन वेळा तेच पद जिंकले. एका घरात नऊ अजिंक्यपदे आली. पुढे एडही वस्ताद झाले. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा व पहिल्याचा उजेड तसूभरही कमी होऊ नये, तसा हा प्रकार झाला.

आता मानाची गोष्ट. १९३८ साली स्टिलवॉटर येथे महाविद्यालयाने खेळांसाठी एक भव्य सभागृह बांधिले व त्यास गॅलेगर ह्यांचे नाव दिले. लोक सामान्यतः मनुष्य गेल्यावर त्याचे नाव दगडावर कोरतात. येथे तो मनुष्य ते पाहण्यास हयात होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी सामना ठेवून त्या वास्तूचे समर्पण करण्यात आले. इंडियाना हा काही सोपा पाहुणा नव्हता. १९३२ साली देशाचे अजिंक्यपद स्टिलवॉटरच्या हातून ह्याच संघाने नेले होते. वस्तादाच्या सन्मानाच्या दिवशी दुबळ्या संघास बोलावून सहज विजय मिळविण्याचा मोह महाविद्यालयास झाला नाही, ह्यात त्या सन्मानाचे खरेपण आम्हांस दिसते. यजमानांनी तो सामना जिंकला.

त्या वेळी गॅलेगर ह्यांचे शरीर कंपवाताने जर्जर झाले होते. ज्यांनी तोल व भार ह्यांचे नियम शेकडो मुलांना शिकविले, त्यांच्या स्वतःच्या हातापायांवर त्यांचा ताबा राहिला नव्हता. तथापि त्यांनी काम सोडले नाही. डाव दाखविण्यास अंग साथ देईना, तरी मुलांच्या चुका पाहण्यास डोळे व त्या सांगण्यास बुद्धी शाबूत होती. आरंभापासूनच त्यांचे शिकविणे बाहुबळावर नव्हे, तर विचारावर उभे असल्यामुळे आजारपणही ते हिरावून घेऊ शकले नाही. १९४० साली त्यांच्या संघाने पुन्हा एकदा देशाचे अजिंक्यपद पटकाविले आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात गॅलेगर ह्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

त्यांच्यामागून आर्ट ग्रिफिथ वस्ताद झाले व त्यांनीही आठ अजिंक्यपदे मिळविली. तत्पूर्वी ते टल्सा शहरातील एका हायस्कुलात मुलांना कुस्ती शिकवीत असत. प्रतिपक्षी चीत झाला नाही तर विजय कोणाचा, हे ठरविण्यासाठी गुण देण्याची पद्धती रूढ झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. १९८७ साली त्या सभागृहाच्या नावास बास्केटबॉलचे थोर शिक्षक हेन्री आयबा ह्यांचे नाव जोडण्यात आले. एका इमारतीवर दोन नावे आली व ती दोन्ही शिक्षकांची!

१९७६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय कुस्ती कीर्तिमंदिर उघडले, तेही ह्याच लहानशा स्टिलवॉटर गावी. पहिल्याच वर्षी ज्यांची नावे तेथे नोंदविली गेली, त्यांत गॅलेगर ह्यांचे नाव होते. क्लिफ कीन, आर्ट ग्रिफिथ व रेक्स पीअरी ह्यांनाही तेथे स्थान मिळाले. ह्या कीर्तिमंदिराची एक रीत आम्हांस विशेष आवडली. तेथे केवळ पदकवीरांची गणना होत नाही. निरनिराळ्या संस्थानांतील त्याच्या शाखा आपापल्या प्रदेशात शोध घेऊन हायस्कुलांतील वस्ताद, पंच व आयुष्यभर ह्या खेळाची सेवा केलेले कार्यकर्ते ह्यांचाही गौरव करितात. ज्याचे नाव आपल्या तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नाही, पण ज्याने वीस-पंचवीस वर्षे रोज सायंकाळी मुलांसाठी शाळेची गादी अंथरली, त्याचीही तेथे आठवण ठेविली जाते. एखाद्या मैदानी खेळातील कीर्तीचा पाया अशा माणसांच्या मेहनतीवर रचलेला असतो, ही जाण त्यामागे आहे.

आपल्या देशातही ही जाण उशिरा का होईना आली. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्यांना घडविणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू होण्यास १९८५ साल उजाडावे लागले. शिष्याचा मान आधी आणि गुरूचा चोवीस वर्षांनी! त्या पहिल्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे मार्गदर्शक भालचंद्र भास्कर भागवत हे होते, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे.

विद्यार्थिमित्रहो, गॅलेगर ह्यांच्या चरित्रात चमत्कार काही नाही. जे काम वाट्यास आले, त्याविषयी आपणांस काय ठाऊक नाही हे त्यांनी ओळखले, जे ठाऊक होते त्याची त्याला जोड दिली आणि चोवीस वर्षे एकाच जागी राहून ते नेटाने केले. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा बक्षीस घेऊन घरी आला म्हणजे ते बक्षीस कपाटात ठेवण्यापूर्वी, हे तुला कोणी शिकविले, एवढे त्यास अवश्य विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात ठाऊक असते, तेथे कीर्तिमंदिराची पहिली वीट बसलेली असते.