सातासमुद्रापलीकडची विद्या

नागपूरच्या वायव्येस, मध्य प्रदेशात असूनही मराठी जपणारे पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काळ्या मातीचे, कापसाचे. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या काळी आपल्या देशातला कापूस मुंबईहून जहाजाने लँकेशायरला जाई आणि तिथल्या गिरण्यांचे कापड होऊन परत येई. कच्चा माल इथे आणि विद्या तिथे, हे अंतर जमशेटजी टाटा यांनी ओळखले.

१८३९ साली नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी तरुणपणी हाँगकाँग व लंडन येथे व्यापार केला. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि पेढी अडचणीत आली. इंग्लंडमधील त्या कठीण मुक्कामात त्यांनी लँकेशायरचा धंदा जवळून न्याहाळला. यंत्रे पेटाऱ्यात भरून आणता येतात, ती चालवण्याचे कसब मात्र माणसांबरोबरच येते, हे त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र ठरले.

मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढण्याचा त्यांचा बेत अनेकांना अविचार वाटला. पण कापूस जवळ होता आणि १८६७ मध्ये रेल्वेही आली होती. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, गिरणीचा अनुभव नसलेले. तांत्रिक बाजू लँकेशायरच्या जेम्स ब्रुक्सबी यांनी सांभाळली. लँकेशायरचे बहुतेक गिरणीमालक जुन्या म्यूल यंत्रांना धरून असताना नागपुरात नव्या रिंग चात्यांवर सूत निघू लागले. दूर असणाऱ्याला जुन्या सवयींचे ओझे नसते, हा अंतराचा एक लाभच.

तरीही परकी विद्या कायम उसनी आणणे त्यांना मान्य नव्हते. १८९२ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी पाठवणारा निधी त्यांनी उभारला. १९०२ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, पोलादाच्या ध्यासाने ते अमेरिकेत गेले आणि चार्ल्स पेरिन या तज्ज्ञास भारतासाठी राजी केले.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. त्यांनी योजलेली विज्ञानसंस्था १९०९ मध्ये बेंगळुरूत स्थापन झाली. साकचीचे पोलाद १९१२ मध्ये निघाले. ज्ञान आणण्यासाठी ते स्वतः गेले, जाणकारांना बोलावले, तरुणांना धाडले आणि शेवटी ते इथेच निर्माण व्हावे याची तजवीज केली. कापूस पिकवूनही भाव ठरवू न शकणाऱ्या मुलखाला हा क्रम आजही मार्गदर्शक आहे.