वर्षभरानंतरची दुपार

यान वुकाशेविच यांचा वाढदिवस २१ डिसेंबरला असे. तर्कशास्त्रातली आपली सर्वात धाडसी कल्पना समजावून सांगताना त्यांनी हीच तारीख निवडली. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला भर दुपारी आपण वॉर्सात असू, हे विधान आज खरे आहे की खोटे? खरे असेल तर तिथे असणे आजच ठरून गेले, खोटे असेल तर नसणे. दोन्हीकडून माणसाच्या हाती काही उरत नाही. वुकाशेविच यांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते असे विधान आज खरेही नसते आणि खोटेही नसते.

त्यांचा जन्म १८७८चा, ल्वुव शहरातला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथेच त्वार्दोव्हस्की यांच्या हाताखाली ते तत्त्वज्ञान शिकले आणि १९१५ साली वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले. उद्या समुद्रावर लढाई होईल का, हा ॲरिस्टॉटलने मांडलेला जुना पेच त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. मार्च १९१८ मध्ये, सरकारी कामासाठी विद्यापीठ सोडताना, त्यांनी निरोपाच्या व्याख्यानात आपला तोडगा जाहीर केला आणि १९२० साली तो छापला.

तोडगा दिसायला साधा आहे. खऱ्याला १, खोट्याला ०, आणि अजून न ठरलेल्याला १/२. १/२ किमतीच्या विधानाचा नकारही १/२च. मग उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, या वाक्याची किंमतही १/२ होते. इथेच अनेकांनी हरकत घेतली, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. दोहोंपैकी एक तर होणारच ना! वुकाशेविच मागे हटले नाहीत. १९३० साली त्यांनी आणि आल्फ्रेड तार्स्की यांनी ० आणि १ यांच्या दरम्यान अगणित किमती असलेल्या तर्कशास्त्राचे नियम प्रसिद्ध केले. अंगात किंचित ताप आहे, अशा अर्धवट खऱ्या गोष्टी मोजणारे झाडे यांचे फझी गणित १९६५ साली आले, त्याचे नाते या कामाशी आहे. मात्र वुकाशेविच यांचा मूळचा १/२ अर्धवट खऱ्याचा नव्हता, न ठरलेल्याचा होता.

१९१९ साली ते काही महिने पोलंडचे शिक्षणमंत्री होते, पुढे दोनदा विद्यापीठाचे कुलगुरू. कंस न वापरता सूत्रे लिहिण्याची त्यांची पद्धतही याच काळातली. (३ + ४) × ५ हे तीत × + ३ ४ ५ असे होते. चिन्ह आधी, आकडे नंतर. हाच क्रम उलटा करून पुढे एचपी कंपनीचे कॅल्क्युलेटर चालले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यांचे घर जळाले. ग्रंथसंग्रह गेला, हस्तलिखिते गेली, ॲरिस्टॉटलवरचे छपाईत असलेले पुस्तकही गेले. व्यापलेल्या वॉर्सात ते गुप्तपणे चालणाऱ्या विद्यापीठात शिकवत राहिले. जुलै १९४४ मध्ये, रशियन सैन्य जवळ येत असताना, जर्मन तर्कशास्त्रज्ञ हाइनरिख शोल्ट्स यांच्या मदतीने पत्नी रेगिना यांच्यासह ते जर्मनीतल्या म्युन्स्टरला निघून गेले. शत्रूच्या देशात आसरा घेणे अनेक पोलिश लोकांना रुचले नाही. दोनच आठवड्यांनी वॉर्सात उठाव झाला आणि त्यानंतर शहर जमीनदोस्त करण्यात आले. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरच्या दुपारी वुकाशेविच वॉर्सात नव्हते, आणि हयातीत ते पुन्हा तिथे गेले नाहीत.

बेल्जियममार्गे १९४६ साली ते आयर्लंडला पोहोचले. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीने सत्तरीला टेकलेल्या या निर्वासिताला प्राध्यापकपद दिले. जळालेले पुस्तक त्यांनी नव्याने लिहिले, तेही इंग्रजीत. ते १९५१ साली ऑक्सफर्डहून निघाले. १९५३ साली शक्य आणि अनिवार्य या कल्पनांसाठी त्यांनी चार किमतींचे तर्कशास्त्र मांडले. म्हणजे जुना पेच अजून सुटला नव्हता.

१३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले आणि तिथेच दफन झाले. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे अवशेष वॉर्सात आणून पोवाँझ्कीच्या जुन्या दफनभूमीत ठेवण्यात आले.