खडकीला पाणी आणणारा मलिक अंबर

मलिक अंबर म्हटले की लढाया आठवतात. मला मात्र त्याच्या पाण्याचेच कौतुक अधिक. रोज हंडे भरणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार!

त्याचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. कोवळ्या वयात तो गुलाम म्हणून विकला गेला. त्याच्या आईचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बगदादच्या एका धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा दिवाण चंगीजखान, जो स्वतः हबशीच होता, त्याने अंबरला विकत घेतले. खान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मोकळे केले. त्या बाईची आठवण कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. अंबरने निजामशाही वंशातला मुलगा गादीवर बसवला आणि मराठे सरदार हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांना बेजार केले.

१६१० साली त्याने खडकी गावी शहर वसवले. माणसे वसवायची तर पाणी हवे. डोंगराकडचे झिरपते पाणी त्याने जमिनीखालच्या बांधीव नहरीत घेतले आणि नुसत्या उताराने शहरात आणले. मोट नाही, बैल नाही! नहरीला जागोजागी वर उघडणारी तोंडे ठेवली, म्हणजे हवाही खेळते आणि माणूस उतरून गाळही काढतो. पुढे खापराच्या नळांनी ते पाणी हौदांत पडे. हौद तिथे वस्ती, वस्ती तिथे बाजार. शहर पाण्यामागून वाढले.

१६१२ साली मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने भडकल दरवाजा बांधला. शहराचा तट तर औरंगजेबाने पुष्कळ नंतर, १६८२ साली घातला. आधी दरवाजा, मग तट, असा हा उलटा प्रकार!

१६१६ साली मोगलांनी खडकी जाळली. अंबर तेव्हा सत्तरीला टेकलेला. तरी शहर पुन्हा उभे केले. १६२६ साली तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे, जवळच पत्नी बीबी करीमाची.

खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, तरी कित्येक पिढ्यांच्या बायकांनी घागरी भरल्या त्या अंबरच्याच नहरीवर.