नाताळचा मंद स्वर : जिम रीव्ज



आगमनकाळ सुरू झाला की मानोऱ्यासारख्या लहान गावीही नाताळची चाहूल लागते. ख्रिस्ती घरे मोजकीच. पण दारावर तारा चढतो, गव्हाणीसाठी गवत गोळा होते आणि कुठल्यातरी घरातून एक ओळखीचा, खर्जातला आवाज ऐकू येतो. गोवा आणि मुंबईप्रमाणेच आपल्याकडेही रेकॉर्ड आणि कॅसेटच्या काळापासून हा आवाज नाताळच्या साथीला आहे. गाणी इंग्रजी, गायक अमेरिकेतले. तरीही तो परका वाटत नाही. तो आवाज जिम रीव्ज यांचा. ज्यांना आपण दरवर्षी घरात बोलावतो, त्यांचे जीवन मात्र आपणास फारसे ठाऊक नसते. म्हणून हा अल्प परिचय.

जेम्स ट्रॅव्हिस रीव्ज यांचा जन्म २० ऑगस्ट १९२३ रोजी टेक्सास राज्यातील गॅलोवे या खेड्यात झाला. तान्हेपणीच पित्याचे छत्र हरपले. घरात मुले अनेक आणि मिळकत तुटपुंजी. आईने शेतात राबून त्यांना वाढविले. त्या भागातील कष्टकऱ्यांच्या लोकगीतांतून जे संगीत वाढले, त्यालाच कंट्री संगीत म्हणतात. विरह, गरिबी, घराची ओढ आणि देवावरील भरवसा हे त्याचे विषय. आपल्या तालुक्यातील तांड्यांवर होळीला डफाच्या तालावर लेंगी गातात. तिची जशी मातीशी नाळ, तशीच या संगीताचीही.

तरुण जिम यांना मात्र गायक व्हायचे नव्हते. त्यांना बेसबॉलपटू व्हायचे होते आणि सेंट लुईस कार्डिनल्स या नामांकित संघाने त्यांच्याशी करारही केला होता. परंतु चेंडू फेकताना पायाच्या नसेला दुखापत झाली आणि ते स्वप्न संपले. पोटासाठी त्यांनी रेडिओवर निवेदकाची नोकरी धरली. १९४७ मध्ये मेरी व्हाइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्टच्या रेडिओ केंद्रावर ते निवेदक असताना त्यांना तेथील संगीत कार्यक्रमात गाण्याची संधी मिळाली, आणि १९५३ मध्ये त्यांचे एक गीत देशभर गाजले.

त्या काळी कंट्री गायक उंच, खड्या आवाजात गात असत. रीव्जही आरंभी तसेच गात. १९५७ मध्ये एका गीताच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांनी वेगळा मार्ग धरला. मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून, समोर एकच माणूस बसला आहे अशा रीतीने, ते हळू आवाजात गायले. रेकॉर्ड कंपनीला हा प्रकार रुचला नव्हता. परंतु निर्माते चेट अ‍ॅटकिन्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते गीत अतिशय लोकप्रिय झाले आणि तीच त्यांची कायमची शैली ठरली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या भारत, श्रीलंका, नॉर्वे अशा देशांतही त्यांना श्रोते लाभले. शब्द संथ आणि स्पष्ट असल्याने ते मनात शिरत.

१९६३ मध्ये त्यांचा १२ नाताळगीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात घुंगरांची घसरगाडी आहे, जुन्या नाताळकार्डाची आठवण आहे आणि बेथलेहेमचे लहानसे नगरही आहे. शेवटी येते ते ‘सायलेंट नाइट’. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी १८१८ च्या नाताळच्या पूर्वरात्री, जोसेफ मोर या धर्मगुरूंच्या शब्दांना फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकांनी चाल दिली आणि केवळ गिटारच्या साथीवर ते प्रथम गायिले गेले. खेड्यात जन्मलेले हे गीत दुसऱ्या एका खेड्यातील मुलाच्या कंठी शोभावे, यात नवल नाही. नाताळसाठी रीव्ज यांनी वेगळा आवाज काढला नाही. आपल्या लोकांची दुःखे ज्या स्वरात गायली, त्याच स्वरात बाळ येशूचे स्वागत केले.

हा संग्रह प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या वाट्याला एकच नाताळ आला. ३१ जुलै १९६४ रोजी आपले लहान विमान स्वतः चालवीत नॅशव्हिलकडे परतताना ते वादळी पावसात सापडले. विमान कोसळले, सोबतचे पियानोवादक डीन मॅन्युएल हेही मृत्यू पावले. दोन दिवसांच्या शोधानंतर अवशेष हाती लागले. रीव्ज तेव्हा अवघ्या ४० वर्षांचे होते. टेक्सासमधील कार्थेज येथे त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या पत्नीने मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे लोकांपर्यंत पोहोचविली.

वाचकहो, रीव्ज यांना आम्ही संत म्हणत नाही. परंतु एक गोष्ट आम्हांस त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. आज नाताळच्या रात्रीही आपल्याकडे डीजेच्या भिंती उभ्या राहतात. आनंद मोठा, म्हणून आवाज मोठा, असा आपला समज झाला आहे. शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडते, तान्हे बाळ दचकते आणि आपण मात्र एका तान्ह्या बाळाचाच जन्म साजरा करीत असतो! रीव्ज यांच्या हाती मायक्रोफोन होता; त्याच्या आधारे त्यांनी आवाज चढविला नाही, उतरविला. म्हणूनच साठ वर्षांनंतरही तो ऐकू येतो.

यंदा मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरी परतल्यावर क्षणभर सर्व यंत्रे बंद करावीत. गव्हाणीसमोर कुटुंबाने मिळून एक गीत म्हणावे. मराठीत म्हणावे, बंजारा बोलीत म्हणावे, पण बाळ झोपले आहे हे ध्यानात ठेवून म्हणावे.

सर्व वाचकांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.