‘ओके’मधला ‘ओ’ कोण?

फ्रान्समधील आल्प्सच्या व्हाल दिझेर गावात स्कीइंगचा एक प्रसिद्ध उतार आहे. त्याचे नाव ‘ओके’. शेजारच्या टीन्यची ग्रांद मोत हिमनदी आणि हा उतार एकाच स्की-क्षेत्रात येतात. ‘के’ म्हणजे ज्याँ-क्लोद किली, हे क्रीडाप्रेमींना ठाऊक असते. ‘ओ’ मात्र विस्मरणात गेला.

तो म्हणजे आंरी ओरेये. जन्म पॅरिसचा, १९२५ चा. पण वाढले व्हाल दिझेरमध्ये. दुसऱ्या महायुद्धात ते नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होते. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मोरित्झ हिवाळी ऑलिम्पिकमध्ये डाउनहिल शर्यतीला प्रथमच स्वतंत्र पदक मिळाले, आणि ते ओरेयेंनी तब्बल ४.१ सेकंदांनी जिंकले. आज जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदके ठरतात, तिथे हे अंतर अविश्वसनीयच! पुरुषांच्या ऑलिम्पिक डाउनहिलमध्ये एवढ्या फरकाने पुन्हा कोणी जिंकलेले नाही. त्याच स्पर्धेत संयुक्त प्रकारात सुवर्ण आणि स्लॅलममध्ये कांस्यही त्यांनी मिळवले.

स्की सुटली, वेगाचे वेड सुटले नाही. ते मोटार शर्यतींकडे वळले. ७ ऑक्टोबर १९६२ रोजी पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर त्यांच्या फेरारीला अपघात झाला. वय अवघे ३६. व्हाल दिझेरमध्येच वाढलेल्या किलीने १९६८ मध्ये तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ओरेये हयात नव्हते.