हेर्मान एबिंगहाउस

हेर्मान एबिंगहाउस (२४ जानेवारी १८५०, बार्मेन – २६ फेब्रुवारी १९०९, हाले) हे स्मृतीचा प्रायोगिक अभ्यास करणारे आद्य जर्मन मानसशास्त्रज्ञ होत. १८७३ मध्ये बॉन विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट दिली.

परिचित शब्दांना अर्थ आणि आठवणी आधीच चिकटलेल्या असतात. त्या वगळून निव्वळ स्मृती मोजता यावी, म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले आणि १८७९ पासून स्वतःवरच प्रयोग आरंभले. यादी पाठ करायची आणि काही काळाने ती पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते पाहायचे, ही त्यांची पद्धत. २० मिनिटांनंतर ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, तर ३१ दिवसांनंतरही २१ टक्के श्रम वाचत. विसर प्रथम झपाट्याने पडतो, पुढे मंदावतो, हे १८८५ च्या त्यांच्या ग्रंथामुळे सर्वमान्य झाले.

भाषेच्या दृष्टीने त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा. त्याची चर्चा मात्र कमी होते. बायरनच्या ‘डॉन जुआन’मधील कडवी पाठ करण्यास तेवढ्याच निरर्थक मजकुराच्या जेमतेम एक दशांश श्रम पुरले. अर्थ, लय व यमक स्मृतीचा किती भार उचलतात, हे अर्थ काढून टाकणाऱ्या प्रयोगानेच दाखवले.

ब्रेस्लाऊ येथे असताना शाळकरी मुलांच्या थकव्याच्या अभ्यासासाठी त्यांनी उताऱ्यातील गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी रचली (१८९७). प्रश्नपत्रिकेतील हा प्रकार क्षुल्लक मानला जातो. वास्तविक त्यात स्मरण आणि भाषेची जाण दोन्ही पणाला लागतात. १९०५ मध्ये ते हाले येथे प्राध्यापक झाले. तेथेच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.