जे. सी. कुमारप्पा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (४ जानेवारी, १८९२ – ३० जानेवारी, १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ व गांधीवादी कार्यकर्ते होते. ग्रामोद्योगांना अर्थशास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

जीवन

कुमारप्पांचा जन्म तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये सनदी लेखापाल झाल्यावर त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास करताना ब्रिटिश करपद्धतीने भारताचे कसे शोषण होते, हे त्यांच्या ध्यानात आले. साहेबी राहणीचा हा हिशेबतज्ज्ञ १९२९ साली साबरमतीला गांधीजींना भेटला आणि त्यानंतर व्यवसायाकडे परतला नाही.

१९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा कुमारप्पा त्याचे सचिव झाले. संघाचे काम मगनवाडीतून चाले. १९३५ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. ग्रामसुधारणेचा विचार विदर्भात असा एकाहून अधिक वाटांनी रुजत होता. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही कुमारप्पांकडे होते.

मधमाशी आणि अर्थविचार

हातकागद, तेलघाणी यांच्याबरोबर मधुमक्षिकापालन हा संघाने पुरस्कारलेला उद्योग होता. परंपरेने मध काढताना धूर करून माश्या हुसकावीत व पोळे पिळून घेत. त्यात पिलावाही चिरडला जाई. पेटीत पिलाव्याच्या व मधाच्या चौकटी वेगळ्या असतात, त्यामुळे वसाहत न मोडता मध मिळतो. अहिंसेच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

१९४२ च्या आंदोलनानंतर कारावासात असताना कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. निसर्गातील अर्थव्यवहाराच्या पायऱ्या सांगताना त्यांनी परोपजीवी व्यवहार सर्वांत खाली ठेवला, तर स्वतःपुरते न पाहता साऱ्या वसाहतीसाठी राबणारी मधमाशी समूहजीवनाचे उदाहरण म्हणून वरच्या पायरीवर ठेवली.

खुद्द मधमाश्यांच्या वसाहतीतला परोपजीवी मात्र इतका सरळ नाही. वरोआ या कोळीवर्गीय जीवाचे वर्णन १९०४ साली जावा बेटावर, आपल्याकडे सातेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशीच्या जातीवरून झाले. या जातीत वरोआची वाढ बहुतांशी नर माश्यांच्या पिलाव्यातच होते. तो पिलावा हंगामापुरताच असल्याने परोपजीवीची संख्या आटोक्यात राहते आणि वसाहत तगून राहते. युरोपीय मधमाशीत वरोआ वर्षातील बराच काळ असणाऱ्या कामकरी माश्यांच्या पिलाव्यातही वाढतो. वेळीच उपाय न केल्यास अशी वसाहत सहसा काही वर्षांत नष्ट होते. आश्रयदात्याला न संपवणारा परोपजीवी कुमारप्पांच्या वर्गवारीत सहज बसत नाही.

अखेरचा काळ

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. पुढे वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले व नंतर ते तमिळनाडूत परतले. गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशीच त्यांचे निधन झाले. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.